भावी शिक्षक आणि गणित सोडविण्याची कला



एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत. तर त्या जहाजाच्या कप्तानाचें वय किती? हा प्रश्न ऐकून आपणांस हंसूं येईल, आणि तें यावें हेंच योग्य आहे. परंतु फ्रान्स देशांतील ग्रेनोबल या शहरीं गणिताच्या अध्यापनाचा अभ्यास करणाऱ्या एका मंडळानें हाच प्रश्न सात ते नऊ वर्षांच्या ९७ शाळकरी मुलांना घातला, तेव्हां त्यांतील ७६ मुलांनीं दिलेल्या आंकड्यांचा कांहीं ना कांहीं हिशेब करून कप्तानाचें वय सांगून टाकलें. ही हकीकत १९८० सालीं प्रसिद्ध झाली आणि गणित शिकविणाऱ्या लोकांत तिची पुष्कळ चर्चा झाली. सव्वीस आणि दहा यांची बेरीज छत्तीस होते, आणि छत्तीस हें वय कप्तानाला शोभूनही दिसतें. तेव्हां बेरीज करणाऱ्याला त्यांत वावगें असें कांहींच वाटलें नसावें.

हीं मुलें मंदबुद्धि होतीं असें कोणी समजूं नये. मला तर उलट वाटतें. शाळेंत घालविलेल्या दोन-तीन वर्षांत त्यांनीं एक गोष्ट फार बारकाईनें हेरली होती. ती अशी कीं, शाळेच्या गणितांत जेवढे आंकडे दिलेले असतात तेवढे सर्व वापरावयाचे असतात. प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतें. तें एकच असतें. आणि प्रश्न घालणाऱ्याला तें आधींच ठाऊक असतें. मग मेंढ्यांचा आणि वयाचा संबंध काय, हें विचारण्याचें कारणच उरत नाहीं. घरीं हींच मुलें "आई, हें असं कां?" म्हणून दिवसाकाठीं पन्नास प्रश्न विचारीत असतील, परंतु गणिताची वही उघडली कीं तें विचारणें थांबतें. ही शिकवण त्यांना कोणी दिली? अर्थात् शिक्षकांनीं. आणि शिक्षकांना? त्यांच्या शिक्षकांनीं. ही सांखळी कोठें तरी तोडावयाची तर ती अध्यापक-विद्यालयांतच तोडतां येण्यासारखी आहे. कारण कालचा विद्यार्थी आणि उद्यांचा शिक्षक हे दोघे तेथें एकाच बांकावर, एकाच अंगरख्यांत बसलेले असतात. गेलीं कांहीं वर्षें अशा बांकांसमोर उभें राहण्याचा योग मला येत आहे, म्हणून आजच्या भाषणासाठीं हा विषय मीं घेतला आहे.

प्रथम एक लहानसें उदाहरण घेऊं. पावणेदोनाला अर्ध्यानें भागा. आपल्यापैकीं पुष्कळांना रीत आठवेल: भाजक उलटा करावयाचा आणि गुणावयाचें. उत्तर साडेतीन. आतां दुसरी विनंती अशी कीं, जिचें उत्तर याच भागाकारानें निघेल अशी रोजच्या व्यवहारांतली एखादी गोष्ट सांगा. येथें मात्र भलीं भलीं सुशिक्षित माणसें अडखळतात. "पावणेदोन भाकऱ्या दोघां भावांत सारख्या वांटल्या," असें कोणी चटकन सांगतात. परंतु दोघांत वांटणें म्हणजे दोहोंनीं भागणें. अर्ध्यानें भागणें नव्हे. प्रत्येक भावाच्या वांट्याला साडेतीन भाकऱ्या कोठून येणार? मुळांत दुरडींत दोनसुद्धां नव्हत्या!

हा प्रश्न माझ्या पदरचा नाहीं. अमेरिकेंतील डेबोरा बॉल या विदुषींनीं शिक्षकांच्या ज्ञानाची पारख करण्यासाठीं जे प्रश्न योजिले त्यांपैकीं तो एक आहे. चीनमधील खेड्यांत शाळा शिकवून पुढें अमेरिकेंत अध्ययनास गेलेल्या लिपिंग मा यांनीं तो अमेरिकेंतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना विचारला, आणि त्याचा वृत्तांत १९९९ सालीं ग्रंथरूपानें मांडला. अमेरिकन शिक्षकांपैकीं २१ जणांनीं भागाकार करून पाहिला. शेवटपर्यंत बरोबर उत्तर आलें तें ९ जणांचें. आणि अर्थाला धरून गोष्ट रचणारा एकच निघाला. त्याचीही गोष्ट मुलांना सांगण्याजोगी साधली नव्हती. चीनमधील सर्वांचें उत्तर बरोबर आलें, आणि ६५ जणांनीं नीट गोष्टी रचून दाखविल्या. यावर कोणी म्हणेल कीं, चिनी शिक्षकांचें शिक्षण अधिक झालें असेल. खरी मौज येथेंच आहे. त्यांतील बहुतेकांचें शिक्षण नऊ वर्षें शाळा आणि त्यापुढें दोन-तीन वर्षें अध्यापक-विद्यालय एवढेंच होतें. अमेरिकन शिक्षकांनीं कॉलेज पाहिलेलें होतें. वरच्या इयत्तेच्या गणिताचीं चार व्याख्यानें अधिक ऐकल्यानें ही उणीव भरून निघत नाहीं, हें यावरून उघड होतें. चिनी शिक्षक शाळेंत एकत्र बसून पाठ्यपुस्तकांतील उदाहरणें उलटून पालटून पाहत आणि एकाच उदाहरणाच्या निरनिराळ्या रीती एकमेकांस दाखवीत. साध्या गणिताचा असा खोल अभ्यास हीच त्यांची मिळकत होती.

आमच्या वर्गांत मीं हा प्रश्न पहिल्यानें घातला तेव्हां बराच वेळ कोणीं तोंड उघडलें नाहीं. मग एक विद्यार्थिनी भीत भीत म्हणाली, "सर, पावणेदोन लिटर दूध आहे आणि अर्ध्या लिटरच्या बाटल्या भरायच्या आहेत." गोष्ट उत्तम होती. तीन बाटल्या भरल्या, दीड लिटर दूध संपलें. उरलें किती? पाव लिटर. आणि पुस्तकी उत्तर तर साडेतीन! लगेच वर्गांत कुजबुज सुरू झाली. उरलें पाव, तर उत्तरांत अर्धा कोठून आला? सव्वातीन कां नव्हे? एका बाजूचें म्हणणें पडलें कीं गोष्ट चुकली; दुसऱ्या बाजूला रीतीचाच संशय येऊं लागला. एवढ्या तावातावानें भांडणारा वर्ग मीं तोंवर पाहिला नव्हता.

आणि येथें माझ्या हातून चूक झाली. तास संपावयास सात-आठ मिनिटें राहिलीं होतीं. मीं खडू उचलला आणि सांगून टाकलें कीं, उरलेलें दूध पाव लिटर हें खरें. परंतु पाव लिटर म्हणजे अर्धी बाटली, आणि आपण विचारलें होतें तें लिटरांविषयीं नसून बाटल्यांविषयीं. सर्वांनीं माना डोलावल्या, वह्यांत उतरून घेतलें, घंटा झाली. पुढच्या आठवड्यांत मीं कापडाचें उदाहरण दिलें: अडीच मीटर कापड, एका झबल्याला पाऊण मीटर लागतें, तर झबलीं किती? तीन झबलीं होऊन पाव मीटर कापड उरतें, आणि भागाकार सांगतो तीन पूर्णांक एक-तृतीयांश. त्याच वर्गांतील पुष्कळजण त्याच जागीं पुन्हां अडकले. वाद त्यांचा होता, निकाल मात्र मीं दिला होता. आणि दुसऱ्यानें दिलेला निकाल वहींत राहतो, डोक्यांत राहत नाहीं.

पुढील वर्षीं मीं खडूला हात लावला नाहीं. दोन तास गेले. शेवटीं एका मुलानें फळ्यावर सात चौकोन काढले, प्रत्येक चौकोन म्हणजे पाव लिटर. दोन-दोन चौकोनांभोंवतीं कुंपण घातलें: तीन कुंपणें पुरीं झालीं आणि चवथें अर्धें राहिलें. "सात पावांत दोन पाव किती वेळां मावतात, एवढंच विचारलंय," तो म्हणाला. त्याच्या मागच्या बांकावरून दुसरा म्हणाला, "एका लिटरच्या दोन बाटल्या होतात, म्हणून जितके लिटर त्याच्या दुप्पट बाटल्या." भाजक उलटा करून गुणावयाचें तें कां, याचें उत्तर त्याच्या तोंडून सहज निघून गेलें, आणि आपण तें दिलें हें त्याला मागाहून कळलें. त्या आधीं बारा वर्षें तो तीच रीत वापरीत आलेला होता.

आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असत. पाठांतराची निंदा करण्याची आज चाल पडली आहे, तींत सामील होण्याची माझी इच्छा नाहीं. ज्याला पाउणाचा पाढा येतो त्याचें डोकें विचाराला मोकळें राहतें. परंतु पाढा येणें आणि तो कोठें लावावा हें कळणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पहिलींतून आपोआप उगवत नाहीं.

या दुसऱ्या गोष्टीचा विचार ज्यांनीं जन्मभर केला त्या जॉर्ज पोल्या यांचें नांव येथें घेतलेंच पाहिजे. १८८७ सालीं बुडापेस्ट येथें जन्मलेले हे थोर गणिती प्रथम कायदा शिकावयास गेले, त्याला कंटाळून भाषांकडे वळले, तेथून तत्त्वज्ञानाकडे, आणि शेवटीं गणिताकडे. झुरिच येथें सव्वीस वर्षें अध्यापन करून १९४० सालीं, युरोपांत युद्ध पेटलें असतां, ते अमेरिकेंत आले आणि पुढें स्टॅनफर्ड विद्यापीठांत स्थिरावले. उदाहरण कसें सोडवावें, हेंच ज्याचें नांव आणि हाच ज्याचा विषय, असें त्यांचें लहानसें पुस्तक १९४५ सालीं निघालें. त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या आहेत. विद्यार्थिदशेंत आपणांस कोणता प्रश्न छळीत असे, तें त्यांनीं प्रस्तावनेंत सांगितलें आहे. गुरुजी फळ्यावर सिद्धता मांडीत, ती पटेही, परंतु ही युक्ति मुळांत कोणाला सुचली कशी, आणि आपल्याला ती सुचावी म्हणून काय करावें, हें कोणीच सांगत नसे. पक्वान्न पुढें येई. चुलीपाशीं मात्र प्रवेश नसे.

पोल्यांनीं सोडविण्याच्या कामाचे चार टप्पे केले. प्रश्न नीट समजून घेणें; कांहीं बेत आंखणें; तो बेत तडीस नेणें; आणि उत्तर आल्यावर मागें वळून सर्व वाट पुन्हां न्याहाळणें. प्रत्येक टप्प्याला त्यांनीं साधे प्रश्न जोडून दिले: काय काढावयाचें आहे? काय दिलें आहे? याच्यासारखें परंतु याहून सोपें एखादें उदाहरण आठवतें काय? सर्व माहिती वापरली काय? हे प्रश्न इतके साधे आहेत कीं, हुशार माणसाला त्यांत विशेष कांहीं दिसत नाहीं. शिक्षकाला मात्र त्यांचें मोल कळतें. कारण ते विचारल्यानें उत्तर फुटत नाहीं आणि तरी मूल एक पाऊल पुढें जातें.

आतां एक खेदाची गोष्ट सांगितली पाहिजे. या चार टप्प्यांचीही पुढें घोकंपट्टी झाली. "पोल्याच्या पायऱ्या सांगा, गुण पांच," असा प्रश्न मीं परीक्षेंत पाहिला आहे, आणि त्याचें अक्षरशः बिनचूक उत्तर लिहून पुढच्याच पानावर सहावीचें उदाहरण अर्धवट सोडणारे उमेदवारही पाहिले आहेत. पोहण्याचे नियम कांठावर बसून पाठ केल्यासारखाच हा प्रकार. पोल्यांना स्वतःला ही अडचण ठाऊक होती. १९५३ सालीं निवृत्त झाल्यावर त्यांनीं शाळांतील शिक्षकांचेच वर्ग पुष्कळ वर्षें घेतले, आणि त्यांतून त्यांचा दोन भागांचा ग्रंथ १९६२ आणि १९६५ सालीं तयार झाला. त्यांचा आग्रह असा असे कीं, शिक्षकांना माहिती पुष्कळ मिळते, करण्याचें कसब मात्र कोणी देत नाहीं. म्हणून शिक्षकांच्या शिक्षणांत त्यांच्याच आवांक्यांतले, परंतु रीत आधीं न सांगितलेले प्रश्न त्यांच्यापुढें टाकले पाहिजेत आणि ते त्यांनीं स्वतः सोडविले पाहिजेत.

असा प्रश्न कोणता? पोल्यांचा एक पाठ १९६६ सालच्या एका बोलपटांत टिपून ठेवलेला आहे. पांच सपाट पृष्ठांनीं, म्हणजे चोहोंकडे अमर्याद पसरलेल्या पांच पातळ्यांनीं, अवकाशाचे जास्तींत जास्त किती भाग होतील, असें ते वर्गाला विचारतात आणि प्रथम नुसता अंदाज मागतात. आमच्याकडे मी हा प्रश्न कलिंगडावर घेतों. अट अशी कीं, सुरी सरळ चालवावयाची, आणि एकदां कापल्यावर फोडी जागच्या हलूं द्यावयाच्या नाहींत. अखंड कलिंगड असल्यासारखे त्या दाबून धरावयाच्या. एका कापानें दोन फोडी. दुसऱ्यानें चार. तिसरा काप आडवा घातला कीं आठ. चवथ्या कापानें किती? सारा वर्ग एका आवाजांत सांगतो, "सोळा!" दोन, चार, आठ यांच्यापुढें सोळा आले नाहींत तर जगांत न्याय कोठें राहिला?

परंतु कितीही प्रयत्न केला तरी सोळा होत नाहींत. पंधराच होतात. मग कोणी म्हणतें सुरी नीट चालली नाहीं, कोणी दुसरें कलिंगड मागतें. तें न देतां मी एक भाकरी पुढें ठेवतों, कारण पोल्यांचाच सल्ला असा आहे कीं, वाट सुचत नसेल तर त्याच जातीचा याहून लहान प्रश्न हातीं घ्यावा. भाकरीवर सरळ काप घाला. एकानें दोन तुकडे, दोहोंनीं चार; तिसरा काप पहिल्या दोहोंच्या छेदावरून न नेतां बाजूनें घेतला तर सात. आठ नव्हेत. कां? तिसऱ्या कापाची रेघ पहिल्या दोन रेघांना दोन ठिकाणीं छेदते, म्हणून तिचे स्वतःचे तीन भाग पडतात. प्रत्येक भाग भाकरीच्या एकेका जुन्या तुकड्याचे दोन करतो. म्हणून नवे तुकडे तीनच वाढतात. चार आणि तीन, सात. चवथी रेघ तीन ठिकाणीं छेदली जाईल, तिचे चार भाग होतील. सात आणि चार, अकरा.

एवढें झाल्यावर मी गप्प बसतों. कलिंगडाकडे परत जाण्याची वाट ज्याची त्यानें काढावयाची असते, आणि बहुधा कोणी तरी ती काढतोच. चवथा काप म्हणजे एक सपाट पृष्ठ. आधींचे तीन काप त्या पृष्ठावर तीन रेघा उमटवितात. तीन रेघांनीं सपाट पृष्ठाचे सात भाग होतात, हें भाकरीनें शिकविलेलेंच आहे. त्या सातांपैकीं प्रत्येक भाग एकेका जुन्या फोडीचे दोन करतो. म्हणून सात नव्या फोडी. आठ आणि सात, पंधरा. आणि पांचव्या कापानें? पंधरा आणि अकरा, सव्वीस. पोल्यांच्या प्रश्नाचें उत्तर सव्वीस. चार कापांनंतर कलिंगडाच्या पोटांत चार त्रिकोणी बाजूंची एक फोड निघते. तिला साल मुळींच नसते. बाकीच्या चौदांना थोडी तरी असते. ती लाल फोड मिळविण्यासाठीं होणारी झटापट हाही पाठाचाच भाग, असें मी मानतों.

या सर्व खटाटोपांत भावी शिक्षकाला मिळतें तें सव्वीस हें उत्तर नव्हे. पांचवीच्या मुलांना तें शिकविण्याची पाळी त्याच्यावर बहुधा कधींच येणार नाहीं. त्याला मिळतें तें हें कीं, सोळा असें मोठ्यानें सांगून आपण चुकलों, सर्वांसमक्ष चुकलों, आणि तरी त्या चुकीनेंच आपल्याला पुढें ढकललें. उद्यां त्याच्या वर्गांतला एखादा मुलगा असाच चुकेल, तेव्हां त्या मुलाच्या जागीं बसण्याचा अनुभव त्याच्या गांठीं असेल. शिक्षक होण्यासाठीं येणाऱ्यांत गणिताचें भय घेऊन येणारे थोडे नसतात. सातवी-आठवींत कधीं तरी त्यांच्यावर वर्ग हंसलेला असतो, आणि तेव्हांपासून फळ्याजवळ जाण्याची त्यांना धास्ती वाटते. असा माणूस पुढें तीस वर्षें शिकवील, आणि स्वतःच्या भयामुळें मुलांना एकाच रीतीच्या गाडीवाटेवरून हांकीत राहील. त्या वाटेच्या बाहेर मुलानें पाऊल टाकलें तर त्याला सांवरणें आपल्याला साधेल, हा विश्वासच त्याच्यापाशीं नसतो. "मला आतां ठाऊक नाहीं, आपण मिळून पाहूं," हें वाक्य जो शिक्षक मुलांसमोर उच्चारूं शकतो तो मला चार पदव्या घेतलेल्या शिक्षकाहून अधिक तयार वाटतो.

आंधळेपणानें एकाच वाटेनें जाण्याची खोड मोठ्यांतही असते. अमेरिकेंतील गणिती व शिक्षणशास्त्रज्ञ ॲलन शोनफेल्ड यांनीं कॉलेजच्या विद्यार्थ्यांना उदाहरणें देऊन त्यांचें बोलणें-वागणें टिपून ठेवलें, आणि १९८५ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. पुष्कळ विद्यार्थी प्रश्न वाचून क्षणार्धांत एक मार्ग धरीत आणि वेळ संपेपर्यंत तोच चालत राहत. तो कोठें पोंचतो हें पाहण्यासाठीं थांबत नसत. उलट मुरलेला गणिती प्रथम पुष्कळ वेळ प्रश्नाभोंवतींच घुटमळे आणि चुकीची वाट लवकर सोडी. शोनफेल्ड आपल्या वर्गांत फिरत आणि गटागटाला तीनच गोष्टी विचारीत: तुम्ही नेमकें काय करीत आहां, कशासाठीं करीत आहां, आणि त्याचा पुढें उपयोग काय? आरंभीं विद्यार्थी ओशाळत. कांहीं आठवड्यांनीं ते आपसांतच हे प्रश्न विचारूं लागत. हें मीं आमच्याकडे करून पाहिलें आहे, आणि त्याला खर्च शून्य येतो.

अंदाजानें आरंभ करण्याची पद्धति आपल्याला परकी नाहीं. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या सुमारास रचिलेल्या लीलावतींत इष्टकर्म नांवाची रीत आहे. समजा, एका रकमेचा तिसरा हिस्सा आणि चौथा हिस्सा मिळून ३५ रुपये होतात; तर रक्कम किती? सोयीची म्हणून १२ ही संख्या खुशाल धरा. तिचा तिसरा हिस्सा ४, चौथा ३, मिळून ७. हवे होते ३५, म्हणजे पांचपट; म्हणून रक्कम १२ ची पांचपट, ६०. हें उदाहरण झाल्यावर मी विद्यार्थ्यांना विचारतों कीं, तिसऱ्या आणि चौथ्या हिश्श्यांत आणखी ५ रुपये मिळवून ४० झाले असते तर हीच रीत सरळ लावतां येईल काय? बाराचे ७ आणि ५, झाले १२. चाळीसला बारानें भागून जो गोंधळ होतो तो पाहण्यासारखा असतो. रीत कोठें चालते हें तिच्या न चालण्यानें कळतें. चाळीसगांवजवळच्या पाटण येथील शिलालेखांत भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठीं मठ स्थापिल्याचें कोरलेलें आहे. तेथील आचार्य लीलावती कशी शिकवीत असतील, असें कुतूहल मला नेहमीं वाटतें.

या मार्गांत अडचणी आहेत. पहिली वेळेची. दुधाच्या बाटल्यांना दोन तास लागले, आणि अभ्यासक्रमाला तें मानवत नाहीं. मुलाची विचारपद्धतीच गणिती व्हावी, हा गणित शिकविण्याचा मुख्य हेतु होय, असें २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानें मानलें. परंतु हेतु एका कागदावर असतो आणि वेळापत्रक दुसऱ्या. मागें आमची एक विद्यार्थिनी पांचवीच्या वर्गावर सराव पाठ घेत होती. तिनें मुलांना विचारलें: "घरांत पांच किलो तांदूळ आहेत, ते किती दिवस पुरतील?" हात भराभर वर आले आणि आंकडेही आले. ती नुसती थांबली. कोणाला बरोबर म्हणाली नाहीं, कोणाला चूक म्हणाली नाहीं. बराच वेळ गेला. मग खिडकीजवळची एक लहानगी उभी राहून म्हणाली, "पण बाई, घरांत माणसं किती?" दुसरा म्हणाला, "आणि रोज भातच करतात का?" पुढची पंचवीस मिनिटें मुलें आपापल्या घरचा हिशेब मांडीत होतीं, कोणी आईला विचारून उद्यां सांगतों म्हणाला, कोणी पाहुण्यांचा भात वेगळा धरला. कप्तानाचें वय सांगणारीं मुलें हीं नव्हेत, हें मला मागच्या बांकावरून दिसत होतें. आणि तरी माझ्या हातांतील निरीक्षणाच्या छापील तक्त्यांत 'सोडविलेलीं उदाहरणें' असा रकाना होता, त्यांत मला '१' असें लिहावें लागलें. शेरा मीं चांगला दिला. पण रकान्याच्या खालीं शेऱ्याला जागा बोटभरच होती.

श्रोत्यांपैकीं जे पालक आहेत त्यांनाही यांत थोडें काम आहे. मूल गृहपाठाची वही घेऊन येतें तेव्हां उत्तर सांगण्याचा मोह फार होतो. विशेषतः स्वयंपाक चुलीवर असतांना. त्या वेळीं, "यांत काय विचारलंय तें तुझ्या शब्दांत मला सांग," एवढेंच म्हणून पाहावें आणि आपलें काम करीत राहावें. निम्म्या वेळां मूल सांगतां सांगतांच थांबतें आणि वही घेऊन निघून जातें.

कलिंगडाचा हंगाम आहेच. चार कापांनीं साल नसलेली एक फोड निघते, हें मीं सांगितलें. सुरी बेतानें चालवून पांच काप नीट साधले तर सव्वीस फोडींपैकीं साल नसलेल्या जास्तींत जास्त किती निघतील? उत्तर मी सांगणार नाहीं. आधीं भाकरीवर चार काप घालून कांठ नसलेले तुकडे मोजावेत, म्हणजे वाट सांपडेल.